भूमिकाच्या टाचा

पहाटे साडेपाचला भिंतीपलीकडच्या घराची कडी वाजायची आणि भिंतीअलीकडे ताईबाईच्या कपाळाला आठी पडायची. दसऱ्यापासून हे असंच चाललं होतं. कडीच्या मागोमाग अनवाणी पायांची थपथप सुरू व्हायची, घरासमोरून पाटाच्या रस्त्याला लागायची आणि पाऊण तासाने परत यायची. चुलीत काटक्या सारता सारता ताईबाई पुटपुटायची, "निंघनी घोडी." रुपचंद आबा गोधडीतून म्हणायचे, "पयू दे ना वं पोरले. तुनं काय जास?" त्यावर ताईबाई चिमटा जोरात आपटायची.

भूमिका ही ताईबाईच्या धाकट्या जावेची, यशोदाबाईची, एकुलती एक लेक. बाप पितांबर, म्हणजे आबांचा सख्खा धाकटा भाऊ, चार वर्षांपूर्वी हायवे ओलांडताना गेला. तेव्हापासून पोरीने एकच ध्यास घेतला होता, पोलीस भरतीचा. मागच्या वर्षी ग्राउंडवर दोन गुणांनी हुकली. मैत्रिणीचे बूट घालून पळाली होती, अर्ध्या वाटेत टाच सोलली आणि आठशे मीटरची धाव हातची गेली. यंदा तिने ठरवलं, बुटांची भानगडच नको. धुळ्याच्या अकादमीतल्या सरांनी सांगितलं होतं की अनवाणी पळायचं तर तळवे थंडीच्या आधी बनवायला घ्यावे लागतात. दसऱ्यापासून काळ्या मातीवर, दिवाळीनंतर मुरमावर आणि थंडी पडली की डांबरावर. एकदा तळवा तयार झाला की मग बूटवाल्या पोरींना खुशाल मागे टाकावं. सरांचा शब्द पोरीने गाठीला बांधला, कारण तिला पुढची भरती नव्हती. मामांनी स्थळ पाहून ठेवलं होतं. जानेवारीचं ग्राउंड निघालं तर पोलीस, नाहीतर फाल्गुनात लग्न, असा सरळ व्यवहार होता.

गावात कोणाला तिचं कौतुक होतं, कोणाला हसू यायचं. ताईबाईला या दोन्हीतलं काहीच नव्हतं. तिला राग होता, नऊ वर्षं मुरलेला, आणि तो ती बरणीतल्या लोणच्यासारखा अधूनमधून हलवून बघायची की नीट आहे ना.

नऊ वर्षांपूर्वी ताईबाईच्या लेकीचं, कोकिळाचं, दोंडाईच्याला जमलं होतं. कुंकू लावून झालं होतं. पाहुण्यांकडच्या दोघी-तिघी बायका मुक्कामाला होत्या, सगळ्या मिळून पापड लाटत होत्या. मुलाच्या मावशीने सहज काहीतरी विचारलं आणि यशोदाबाईने सहज सांगून टाकलं: पोर गुणाची आहे, लहानपणी दोनदा फेफरं आलं तेवढंच. यात खोटं काही नव्हतं, आणि हेच तर ताईबाईला डाचायचं. खोटं असतं तर उचलून तोंडावर मारता आलं असतं. चार दिवसांत दोंडाईच्याहून निरोप आला की आमच्याकडून राहिलं. मग वर्षभर एकही स्थळ टिकलं नाही. शेवटी कोकिळा सुरतेजवळ उधन्याला दोन लेकरांच्या बिजवराला दिली. यशोदाबाई रडली, पाया पडली, म्हणाली, अक्का, मनात काही नव्हतं, तोंडातून निघून गेलं. ताईबाई म्हणाली, "तुना तोंडमाईन निंघनं, मनी आंडेरना, मनी कोकिळाना कपायमा बसनं." महिन्याभरात मधल्या अंगणात छातीइतकी भिंत उभी राहिली. पितांबर गेला तेव्हा ताईबाई त्या घरात तेरा दिवस राबली, पण जावेशी एक शब्द बोलली नाही.

डिसेंबरच्या मध्याला उत्तरेचा वारा सुटला. आमच्या खानदेशातली थंडी कोरडी. ती आधी कातडं फाडते आणि मग हाडात शिरते. लोकांचे ओठ उलले, लेकरांच्या गालांवर पांढरी पिठी चढली, म्हाताऱ्यांच्या पिंढऱ्यांवर खवले आले. भूमिका त्याच थंडीत डांबरावर पळत होती. एके सकाळी सडा टाकायला ताईबाई बाहेर आली तर दारासमोरच्या रस्त्यावर रक्ताचे ठिपके होते, एकामागोमाग एक, बरोबर एका ढांगेच्या अंतराने. ताईबाईने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि वरून शेणाचा सडा फेकला.

आता खरी गोष्ट अशी की त्या गावात भेगांचं औषध म्हणजे ताईबाई. थंडी पडली की तिच्या ओट्यावर उललेल्या टाचांची रांग लागायची. ती सुईला बिब्बा टोचायची, दिव्याच्या ज्योतीवर धरायची, तो तडतडून काळं तेल सोडायला लागला की एक थेंब बरोबर भेगेच्या पोटात उतरवायची. चर्र व्हायचं, माणूस दातओठ खायचा आणि आठ दिवसांत भेग मिटून टाच टणक व्हायची. पण बिब्बा ही काही खेळायची वस्तू नव्हे. काही जणांना तो उततो. मग लावलेली जागा राहते बाजूला, सगळं अंग सुजतं, पाण्याचे फोड धरतात, आणि माणूस महिना महिना खाटेवर. म्हणून सुई हातात घ्यायच्या आधी ताईबाई हटकून विचारायची, "घरमा कोनले उतेल शे का? मायले, बापले, आजाले?" समोरचा नुसता अडखळला तरी बिब्बा परत डब्यात. चाळीस वर्षांत तिच्या हातून एकालाही उतला नव्हता. याचा तिला ताठा होता आणि तो ती लपवतही नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी, दुपारच्या उन्हात ताईबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आबा घरी नव्हते. कपाशी घेऊन दोंडाईच्याला गेले होते आणि तिथूनच आजारी बहिणीला, इंदिराबाईला, बघायला पुढे जाणार होते. ओट्याखाली सावली पडली म्हणून ताईबाईने वर पाहिलं तर भूमिका उभी. नऊ वर्षांत ही पोर या ओट्याशी आली नव्हती.

"मोठमाय," ती म्हणाली, "ग्राउंड बारा दिवसवर उनं. टाचा बठ्ठ्या फाट्यात. मेडिकलनी ट्यूब लायी दखी, तं कातडं मऊ पडस अन् खडा रुतस. तुम्ही बिब्बा लायी द्या ना."

"तुनी मायनी धाडं का?"

"तिले माहीत बी नही."

पोरीने ओट्याच्या कडेला पाय टेकवला आणि टाच वळवून दाखवली. भेगा बोटाच्या पेरभर खोल होत्या. तळवा मात्र बघण्यासारखा झाला होता, तीन महिन्यांच्या मेहनतीने चामड्यासारखा तयार झालेला. पण ताईबाईची नजर टाचेवर राहिली नाही. ती बोटांवर गेली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब, थेट पितांबरसारखं.

तो पाय तिने धुतला होता. ती नवी नवरी होऊन या घरात आली तेव्हा पितांबर अकरा वर्षांचा. पायात बाभळीचा काटा मोडला म्हणून सासूने बिब्ब्याचा चटका दिला आणि दुसऱ्या दिवशी पोराचा पाय गुडघ्यापर्यंत दुधीभोपळ्याएवढा झाला. फोडांवर फोड आले. पोरगा तीन आठवडे केळीच्या पानावर पाय टाकून ओरडत होता. खोबऱ्याचं दूध काढून, तीळ वाटून, सकाळ-संध्याकाळ ते फोड ताईबाईनेच निस्तरले. सासू म्हणाली होती, ह्या पोराच्या रक्ताला बिब्बा सोसत नाही, त्याच्या पोराबाळांनाही लावू नका. यशोदाबाई या घरात आली त्यानंतर चौदा वर्षांनी, तेव्हा सासू राहिली नव्हती. आणि पुरुषाला आपलं लहानपणीचं दुखणं बायकोला सांगायचं सुचतं कधी?

म्हणजे बिब्बा लावायचा नाही. हे ताईबाईच्या मनात त्याच क्षणी ठरलं. तेवढी ती इमानाची होती. आता सांगायचं ते एकच वाक्य होतं: तुझ्या बापाला उतला होता, तुला चालायचा नाही, मेण आणि तिळाचं तेल गरम करून भर. एवढं बोलायला कितीसा श्वास लागतो? पण ते वाक्य काळजीचं होतं. यशोदाच्या पोरीची काळजी आपल्या तोंडातून निघाली तर नऊ वर्षं जपलेला राग कुठे नेऊन ठेवायचा, हे काही तिला कळेना. वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच कडू झालं.

"तुना पायले मी हात लावाव नही," ती म्हणाली.

भूमिकाने पाय खाली घेतला. "तुम्हना राग आईवर शे, मोठमाय. मी काय करं?"

"तुनी मायले बठ्ठं येस. कोनले काय सांगानं, कोना घरमा काय बोलानं, बठ्ठं. जाय, बिब्बाबी तिलेच लावाले सांग."

पोरीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. रडली असती तर कदाचित ताईबाईच्या तोंडून ते निघून गेलं असतं. भूमिका म्हणाली, "बरं शे," आणि टाचा उचलून चवड्यांवर चालत निघून गेली. ताईबाईने पुढची शेंग सोलली. ती किडकी निघाली.

दोन दिवसांनी सोनगीरचा बाजार करून यशोदाबाई परत आल्याचं तिने भिंतीवरून पाहिलं. बुधवारी सकाळी ताईबाई भाकरी थापत होती आणि नाकात तो कडवट, तेलकट धूर शिरला. गावात दुसऱ्या कोणाला कळला नसता, तिला मात्र शंभर धुरांत तो ओळखता आला असता. ती पिठाच्या हातांनी तशीच मागच्या अंगणात आली. भिंतीपलीकडे यशोदाबाई म्हणत होती, "हालू नको वं माय, हालू नको." मग चर्र झालं आणि पोरीने श्वास ओढून धरला.

अजून वेळ होती. एक टाच गेली असेल, दुसरी वाचली असती. भिंत छातीइतकीच होती, हाक मारायचीही गरज नव्हती, नुसतं डोकं वर काढलं असतं तरी यशोदाबाईचा हात थांबला असता. ताईबाईच्या तोंडाला शब्द आले होते. आणि नेमका त्याच वेळी तिच्या कानात तो जुना आवाज वाजला, पोर गुणाची आहे, लहानपणी दोनदा फेफरं आलं तेवढंच. अशी सरळ, अशी निष्पाप बोलली होती ती बाई! ताईबाईचा जबडा मिटला. पलीकडे दुसऱ्यांदा चर्र झालं. ती आत आली तेव्हा तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती. ती तिने म्हशीला घातली.

शुक्रवारी पहाटे कडी वाजली नाही. शनिवारीही नाही. शनिवारी दुपारी भूमिका भिंतीला धरत, ढुंगणावर सरकत सरकत ताईबाईच्या ओट्याशी आली. दोन्ही पाय घोट्यांच्या वरपर्यंत सुजले होते, कातडी ताणून चकाकत होती आणि टाचांच्या कडेने, बोटांच्या बेचक्यांत, घोट्यांवर पिवळ्या पाण्याचे फोड टरारून आले होते. एवढं होऊनही पोरीच्या डोळ्यांत ताईबाईबद्दल राग नव्हता. तिथे लाज होती.

"आईनी लायं," ती म्हणाली. "तिले जमनं नही. थेंब भलतीकडेच सांडना व्हई. तुम्ही लावतात तं असं व्हतं नही, मोठमाय. तुम्हना हातले यश शे, बठ्ठं गाव म्हनस. मी आईसंगे बोलत नही दोन दिवसपासून. मनी तीन महिनानी मेहनत तिनी जायी टाकी."

ताईबाईने तिला ओट्यावर ओढून घेतलं. नारळ फोडला, खोबरं किसून दूध पिळलं, तीळ वाटले. पोरीचे पाय मांडीवर घेऊन ती लेप लावत बसली. पितांबरच्या पायावर हात जसे चालले होते, तसेच ते अजून चालत होते. भूमिका डोळे मिटून म्हणाली, "गार वाटस." मग म्हणाली, "तुम्ही तोंडना कडू शेत, पन मनना नही." त्यावर ताईबाईला असं वाटलं की हिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

नऊ वर्षं तिने देवाजवळ हेच मागितलं होतं. यशोदाच्या पोटच्या पोरीने तिचं तोंड बघू नये, मग तिला कळेल. देवाने मागितलं ते मापात तसूभरही कमी न करता दिलं. भिंतीपलीकडून आता भांड्यांचासुद्धा आवाज येत नव्हता, फक्त मधूनमधून यशोदाबाई पोरीला जेवायला बोलवायची आणि उत्तर यायचं नाही.

आबा सोमवारी आले. चहा घेता घेता त्यांनी भिंतीवरून पोरीचे पाय पाहिले. कप तसाच ठेवून ते तिच्याजवळ गेले, खाली बसले, विचारपूस केली आणि परत आले. ते मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते.

"पितांबरना पाय तुले याद नही का?" त्यांनी विचारलं.

ताईबाई तांदूळ निवडत राहिली.

"तीन आठवडा तूच धुयेत. तू कशी भुलशी? ती तुनाकडे उनी व्हती, असं सांगस पोर. तू लायं नही. म्हंजे तुले याद व्हतं."

"मी लायं तं नही ना?" ताईबाई उसळून म्हणाली. "मनी चुकी काय? लावानं ते तिनी मायनी लायं."

"तुनी चुकी नही," आबा म्हणाले. "ग्राउंडले तू येशी. गाडीमा बसशी अन् शेवटपावत दखशी."

"मी कसाले?"

"येशी, सांगी दिधं." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि या आवाजात ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

ग्राउंडच्या दिवशी सकाळी सहालाच ते चौघे मॅजिकमधून धुळ्याला निघाले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. भूमिका ताईबाईला चिकटून बसली, तिची शाल अर्धी पांघरून. यशोदाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी, आबा दाराशी. सूज अर्धी उतरली होती, फोड सुकायला लागले होते, पण टाचेच्या कडेचे दोन मोठे अजून भरलेले होते. बूट घालायचं म्हटलं असतं तरी पाय आत गेला नसता. आबा म्हणाले, "नको पयू, बेटा." भूमिका म्हणाली, "मी नही पयनू तं मामा फाल्गुनमा मनं लगीन लायी देतीन."

मैदानाला तारेचं कुंपण होतं. आई-बापांची गर्दी कुंपणाबाहेर, पोरी आत. भूमिकाच्या गटात वीस जणी, त्यांतल्या पाच-सहा अनवाणी. चारशे मीटरचे दोन फेरे मारायचे होते. साडेआठला शिट्टी झाली.

पहिला फेरा ताईबाई बघतच राहिली. पोरगी पळत होती की काय करत होती! दसऱ्यापासून ताईबाईने तिच्या पावलांचा आवाज रोज ऐकला होता, तिला पळताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. पाय मुरमाला लागतो न लागतो तोच उचलला जायचा. बूटवाल्या पोरी धपधप आपटत होत्या आणि ही त्यांच्यामधून पाणी जावं तशी पुढे सरकत होती. पहिला फेरा संपला तेव्हा ती तिसरी होती. आबा तारेला धरून नुसते "हां, हां" करत होते. कुंपणाशी उभा असलेला कोणीतरी म्हणाला, ती पिवळ्या टीशर्टातली निघणार बघा.

दुसऱ्या फेऱ्याच्या वळणावर फोड फुटले. लांबून फोड दिसत नव्हते, पण पाऊल बदललेलं दिसलं. ती टाच टेकवायची टाळू लागली, मग चवड्याच्या बाहेरच्या कडेवर पळू लागली, मग ढांग आखडली. चौथी गेली, सहावी गेली, दहावी गेली. ती थांबली नाही. शेवटच्या शंभर मीटरला तिच्या पायांकडे बघवेना. ती रेघ ओलांडून गेली तेव्हा तिच्यामागे चौघीच होत्या. घड्याळवाल्या साहेबांनी कागदावर आकडा लिहिला आणि पुढचा नंबर पुकारला. भूमिका तिथेच गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. आकडा विचारायला ती गेलीसुद्धा नाही.

यशोदाबाईने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. तो काढून ती कोणाला म्हणून नाही, तारेलाच म्हणाली, "मी मारं तिले. मना हातनी मी तिले मारं. सोनगीरना बाजारमा त्या नासीरभाऊनी बिब्बा देवाना आधी इचारं बी, घरमा कोनले उतेल शे का? मी म्हनू, नही. मी म्हनू, नही." ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती ताईबाईच्या इतकी जवळ उभी होती. तिचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे ताईबाईला माहीत नव्हतं.

"तिना बापले उतेल व्हता," ताईबाई म्हणाली.

यशोदाबाईने मान वळवली.

"अकरा वरीसना व्हता. मीच पाय धुयेत त्याना. माले माहीत व्हतं, यशोदा. पोर मनाकडे उनी तवयबी माहीत व्हतं. तुना घरमाईन धूर उना तवयबी. मी भिंतजोडे उभी व्हतू."

आता ही ओरडेल, अंगावर येईल, सगळ्या ग्राउंडसमोर आपली लक्तरं काढेल, अशी ताईबाईने तयारी ठेवली. तेच तिला हवं होतं. त्याने हिशेब चुकता झाला असता आणि घरी जाऊन रागाला पुन्हा कवटाळता आलं असतं. पण यशोदाबाई ताईबाईकडे बघत राहिली, मग तारेवरचे हात सोडून तिने पोरीसाठी आणलेली शाल उचलली आणि फाटकाकडे चालू लागली. पोरी बाहेर यायला लागल्या होत्या.

भूमिका लंगडत बाहेर आली. आई शाल उघडून पुढे झाली तशी तिने हाताने आईला बाजूला केलं. "तू नको," ती म्हणाली. "माले मोठमाय धरी." आणि तिने ताईबाईच्या खांद्यावर सगळा भार टाकला.

यशोदाबाई शाल छातीशी धरून उभी होती. बोल ना, असं ताईबाईला तिला ओरडून सांगावंसं वाटलं. एरवी तुझ्या तोंडाला झाकण नसतं, आज बोल. एका वाक्यात पोरगी तुझी होईल. यशोदाबाईने पोरीच्या पायांकडे पाहिलं, मग ज्या खांद्यावर पोरगी टेकली होती त्या खांद्याकडे पाहिलं आणि तोंड मिटूनच राहिली. पोरीला आत्ता उभं राहायला आधार हवा होता. तो कोणाचा, हे त्या बाईने मोजलं नाही. ताईबाईला हे कळलं, आणि आयुष्यात कशाची वाटली नव्हती तेवढी स्वतःची किळस वाटली.

दहा-वीस पावलं ती पोरीचं ओझं घेऊन चालली. भूमिका हुंदके देत तिच्या मानेशी पुटपुटत होती, "तुम्हीच लायं पाहिजे व्हतं, मोठमाय. तुम्हीच." ताईबाई थांबली.

"भूमे, तुनी मायनं काही चुकनं नही. थेंब बी भलतीकडे सांडना नही. बिब्बा तुना रगतलेच चालस नही, तुना बापले बी चालत नव्हता. हाई माले ठावं व्हतं. तू उनी त्या दिनपासून ठावं व्हतं. मी सांगं नही."

भूमिकाला ते कळायला थोडा वेळ लागला. आधी तिचे हुंदके थांबले. मग खांद्यावरचा हात सैल झाला, मग तो निघाला. तिने ताईबाईच्या तोंडाकडे असं पाहिलं, जसं रस्त्यात अचानक समोर आलेल्या अनोळखी बाईकडे बघतात. "काब्र सांगं नही?" तिने विचारलं. ताईबाईजवळ नऊ वर्षांचं उत्तर होतं, कोकिळाचं होतं, दोंडाईच्याचं होतं, पापड लाटणाऱ्या बायकांचं होतं. त्यातलं एकही त्या फुटलेल्या पायांसमोर काढण्यासारखं नव्हतं.

भूमिका वळली. यशोदाबाई दहा-वीस पावलं मागे होती, आणि मध्ये नुसता थंडगार मुरूम. पोरगी कोणाला न धरता निघाली. पाऊल टेकलं की तिचं सगळं अंग आक्रसायचं, तरी ती पुढचं टाकायची. पडली तर धरावं म्हणून ताईबाई दोन्ही हात पुढे करून तिच्या मागोमाग चालली. पोरगी पडली नाही.